सोसायटीचे दप्तर संगणकात. ‘तयार’ म्हणायचे कोणी?

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव ओलांडले की आटगाव लागते. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या परिसरात एकीकडे औद्योगिक वसाहत आहे, तर दुसरीकडे भातशेती. कारखान्यांचे हिशेब केव्हाच संगणकावर गेले. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या पीककर्जाचा हिशेब मात्र विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘सोसायटी’च्या, रोजकिर्दीत आणि खतावणीत हाताने लिहिला जात आला. हे दप्तर आता संपूर्ण देशासाठी तयार करण्यात आलेल्या एकाच संगणकप्रणालीत नेण्याचे काम सुरू आहे.

मोठ्या कंपन्या ज्याला ‘ईआरपी’ म्हणतात, त्याच जातकुळीची ही प्रणाली आहे. कर्ज, ठेवी, खत-बियाण्यांची विक्री, धान्यखरेदी, भागभांडवल आणि ताळेबंद अशी सर्व खाती तीत एकमेकांशी जोडलेली असतात. एका ठिकाणी नोंद केली की तिचे परिणाम सर्वत्र उमटतात. तिचे सामर्थ्य यात आहे आणि धोकाही यातच. कागदावरील चूक एका पानापुरती राहते. प्रणालीतील चूक हजारो सभासदांच्या खात्यांत एकाच रात्रीत पोहोचते. त्यामुळे प्रणाली सुरू करण्याच्या समारंभापेक्षा त्याआधीचे, कोणाच्याही नजरेत न भरणारे महिने अधिक महत्त्वाचे ठरतात. त्या महिन्यांत कोणी काय ठरवले आणि काम पूर्ण झाल्याची ग्वाही कोणी दिली, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

योजनेचा आवाका

स्वतंत्र सहकार मंत्रालय जुलै २०२१ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर वर्षभराने, २९ जून २०२२ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाच्या योजनेस मंजुरी दिली. प्रारंभी ६३ हजार संस्था आणि २,५१६ कोटी रुपयांचा खर्च असा हा आराखडा होता. त्यात केंद्राचा वाटा १,५२८ कोटींचा, राज्यांचा ७३६ कोटींचा आणि नाबार्डचा २५२ कोटींचा धरण्यात आला. म्हणजे एका संस्थेमागे सरासरी सुमारे चार लाख रुपये. पुढे संस्थांची संख्या ७३ हजारांच्या वर आणि खर्च २,९२५ कोटींच्या घरात गेला. अंमलबजावणीची सूत्रे नाबार्डकडे आहेत. महाराष्ट्रात अशा संस्था वीस हजारांहून अधिक असून, त्यांपैकी १२ हजार संस्थांचा या योजनेत समावेश करण्यात आला.

प्रगतीच्या सरकारी आकडेवारीत प्रणालीवर आलेल्या, प्रत्यक्ष कार्यान्वित झालेल्या आणि ऑनलाइन लेखापरीक्षण झालेल्या संस्था वेगवेगळ्या मोजल्या जातात. हा भेद महत्त्वाचा आहे. संस्थेचे नाव प्रणालीत येणे सोपे असते. त्याच संस्थेने रोज सायंकाळी रोख शिल्लक जुळवून दिवस बंद करणे आणि हाताने लिहिलेली रोजकिर्द कायमची कपाटात ठेवणे, याला मात्र बराच अवधी आणि बरीच शिस्त लागते.

विकासाच्या टप्प्यात नेमके काय घडते?

अशा प्रकल्पांची एक ठरलेली वाट असते. प्रथम कामकाजाचा आराखडा निश्चित होतो. मग प्रणालीची जुळणी आणि विकास होतो. त्यानंतर चाचण्या, प्रशिक्षण, जुन्या नोंदींचे स्थलांतर आणि अखेरीस प्रत्यक्ष वापर. विकासाचा टप्पा म्हणजे संगणकतज्ज्ञांनी बंद खोलीत बसून आज्ञावली लिहिणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः लेखनाचा भाग त्यात मर्यादित असतो. मूळ प्रणाली तयारच असते. तिच्याभोवती चार प्रकारची कामे करावी लागतात. स्थानिक कायद्याला आणि लेखापरीक्षकाला हवे असलेले अहवाल बनवणे, जिल्हा बँकेच्या कोअर बँकिंगसारख्या अन्य प्रणालींशी दुवे जोडणे, जुनी माहिती आत आणण्याच्या आज्ञावल्या लिहिणे आणि पावती, कर्जरोखा यांसारखे छापील नमुने तयार करणे.

ही कामे शेकड्यांनी असतात आणि व्यवस्थापनाची कसोटी इथेच लागते. प्रत्येक कामासाठी ते कोणी मागितले, का मागितले, त्याचे लेखी वर्णन कोणी मंजूर केले, ते कोणत्या दुसऱ्या कामावर अवलंबून आहे आणि तपासणार कोण, याची नोंद असावी लागते. विकासाचा, चाचणीचा आणि प्रत्यक्ष कामकाजाचा संगणक वेगवेगळा ठेवावा लागतो. अन्यथा दुपारी केलेली दुरुस्ती सायंकाळी एखाद्याच्या खात्यावर जाऊन आदळते. प्रगती मोजण्याची पद्धतही काटेकोर हवी. आज्ञावली लिहून झाली की काम झाले, असे धरले तर तक्ता नेहमी नव्वद टक्के पूर्ण दिसतो आणि उरलेले दहा टक्के काही केल्या संपत नाहीत. वापरणाऱ्याने खऱ्या नोंदी घालून तपासले आणि उत्तर बरोबर आले, तरच ते काम मोजायचे, हा नियम अनेकांना जाचक वाटतो. परंतु सुरू होण्याच्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

एका तारखेचा हिशेब

हे सारे कोरडे तांत्रिक वाटेल. पण त्याचा शेतकऱ्याशी असलेला संबंध एका साध्या उदाहरणातून स्पष्ट होतो. समजा, एका सभासदाने १ जुलै रोजी ६० हजार रुपयांचे खरीप पीककर्ज सहा टक्के दराने घेतले. नऊ महिन्यांचे व्याज ढोबळमानाने २,७०० रुपये होते. मुदतीत परतफेड केल्यास केंद्राची तीन टक्के व्याज सवलत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचे तीन टक्के मिळून हे कर्ज त्याला बिनव्याजी पडते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला हा लाभ देण्याचा निर्णय राज्याने २०२१ मध्ये घेतला. अट एकच, मुदत पाळण्याची. खरिपासाठी ती साधारणतः ३१ मार्च असते.

आता ३१ मार्चला त्याने सोसायटीत पैसे भरले, पावती घेतली. पण दुपारपासून वीज किंवा नेटवर्क नव्हते आणि सचिवाने नोंद २ एप्रिलला केली, तर? प्रणालीने नोंदीची तारीख हीच भरण्याची तारीख मानली, तर सवलत गेलीच, शिवाय खाते थकबाकीत गेले. थकबाकीदाराला जूनमध्ये नवे कर्ज मिळत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावांत ही शक्यता काल्पनिक म्हणता येणार नाही.

यावर उपाय आहे. व्यवहाराची तारीख आणि नोंदीची तारीख हे दोन स्वतंत्र रकाने ठेवता येतात. परंतु मागील तारखेने नोंद करण्याची मुभा दिली की गैरव्यवहाराचेही दार उघडते. मग ती मुभा किती दिवसांची, मंजुरी कोणाची, त्याची खूण लेखापरीक्षकाला कशी दिसणार, हे ठरवावे लागते. हा निर्णय संगणकतज्ज्ञ घेऊ शकत नाही. त्याला सहकारी कायदा आणि गावची परिस्थिती ठाऊक नसते. सचिवही एकटा घेऊ शकत नाही. त्याला तसा अधिकार नसतो. विकासाच्या टप्प्यात सहकार खाते, जिल्हा बँक आणि सचिव एका टेबलाशी बसले नाहीत, तर असा निर्णय कोणीच घेत नाही आणि आज्ञावली लिहिणारा आपल्याला सोयीचे वाटेल ते गृहीत धरतो.

सवय आणि नियम

व्यवस्थापनाचे दुसरे अवघड काम नकार देण्याचे असते. प्रणाली देशासाठी एक. पण प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला, कधी कधी संस्थेलाही ती आपल्या पद्धतीने हवी असते. सर्वांच्या मागण्या मान्य केल्या तर प्रणाली इतकी वळवली जाते की तिचा मूळ आकारच उरत नाही.

याचे अलीकडचे ठळक उदाहरण ब्रिटनमधील बर्मिंगहॅम महापालिकेचे आहे. या पालिकेने एप्रिल २०२२ मध्ये जुनी सॅप प्रणाली सोडून ओरॅकलची नवी प्रणाली सुरू केली. जुन्या कामाच्या पद्धती बदलण्याऐवजी नवी प्रणालीच त्या पद्धतींनुसार वाकवण्यात आली. परिणामी बँक खात्यांचा ताळमेळ लावणारी व्यवस्था कोलमडली आणि पालिकेला आपले हिशेब धड मांडता येईनात. सुमारे १.९ कोटी पौंडांचा मूळ अंदाज पुढे १० कोटी पौंडांच्या पलीकडे गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये पालिकेने आर्थिक असमर्थतेची वैधानिक नोटीस काढली, तेव्हा समान वेतनाच्या दाव्यांच्या बोजाबरोबर या प्रणालीचा खर्चही त्याला कारण होता. अखेरीस प्रणाली मूळ स्वरूपात नव्याने बसवण्याचा निर्णय घ्यावा लागला.

सोसायट्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. बर्मिंगहॅममध्ये प्रामुख्याने सवयी जपल्या गेल्या. महाराष्ट्रात स्थानिक म्हणून जे मागितले जाते त्यातील बराच भाग कायद्याचा किंवा शासन निर्णयाचा असतो. पीकनिहाय कर्जमर्यादा ठरवणारे कमाल मर्यादा पत्रक, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालील वसुली दाखला, कर्जाच्या प्रमाणात होणारी भागभांडवलाची कपात, राज्याची स्वतंत्र व्याज सवलत या गोष्टी प्रणालीत नसतील, तर सचिवाला वहीकडे परत जावे लागेल. शहापूरसारख्या तालुक्यात आणखी एक पदर आहे. इथे आधारभूत किमतीने भाताची खरेदी आदिवासी विकास महामंडळातर्फे आदिवासी सहकारी संस्थांच्या माध्यमातून होते. बारदान, वजनातील घट, गोदामातील साठा आणि शेतकऱ्याची रक्कम यांचा हिशेब पीककर्जाच्या हिशेबाहून अगदी वेगळा असतो.

म्हणून प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे: हा नियम आहे की सवय? अहवालातील रकान्यांचा क्रम, पावतीचा आकार, शिक्क्याची जागा या सवयी आहेत. त्या सोडता येतात. व्याज सवलतीचे निकष हा नियम आहे. तो आज्ञावलीत आलाच पाहिजे. हा निवाडा करणारी एक छोटी, अधिकार असलेली समिती आणि ठरलेल्या तारखेनंतर नवी मागणी न स्वीकारण्याची शिस्त, एवढ्या दोन गोष्टींनी अनेक प्रकल्प वाचले असते.

दप्तरातील जुने दुखणे

जुन्या माहितीचे स्थलांतर हे तांत्रिक काम समजून शेवटी उरकले जाते. सोसायट्यांच्या बाबतीत ते सर्वांत स्फोटक काम आहे. खतावणीतले नाव, सातबाऱ्यावरील नाव आणि आधारवरील नाव एकच असेल याची खात्री नसते. मयत सभासदांची खाती वारसनोंदीविना पडून असतात. याहून गंभीर बाब म्हणजे सहकार क्षेत्रात ‘अनिष्ट तफावत’ या नावाने ओळखले जाणारे दुखणे. सोसायटीचे जिल्हा बँकेला देणे जास्त आणि सभासदांकडून सोसायटीला येणे कमी, अशी ही स्थिती. मधली रक्कम कुठे गेली, याचे उत्तर अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे कोणी दिलेले नाही.

वहीत ही तफावत पुढच्या पानावर ओढता येते. ईआरपी प्रणालीत दोन्ही बाजू जुळल्याविना आरंभीची शिल्लक मांडता येत नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात. तफावत उघड करून तिची जबाबदारी निश्चित करायची किंवा ‘किरकोळ येणे’ अशा एखाद्या खात्यात ती दडवून प्रणाली सुरू झाल्याचे जाहीर करायचे. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या संस्थेचा ताळेबंद संगणकावर स्वच्छ दिसेल, एवढेच.

अपुऱ्या तयारीनिशी माहिती गोळा केली तर काय होते, याचा अनुभव राज्याने २०१७ च्या कर्जमाफीत घेतला. २४ जून २०१७ रोजी ८९ लाख शेतकऱ्यांसाठी सुमारे ३४ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली, ऑनलाइन अर्ज मागवण्यात आले आणि दिवाळीत प्रमाणपत्रांचे वाटपही झाले. त्यानंतर बँकांकडील माहिती आणि शेतकऱ्यांचे अर्ज जुळेनात. एकाच आधार क्रमांकावर अनेकांची नावे आढळली. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि शेतकऱ्यांना तिष्ठत राहावे लागले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत यातून काही धडा घेतलेला दिसला. २४ फेब्रुवारी २०२० रोजी निघालेली पहिली यादी प्रत्येक जिल्ह्यातील दोन, अशा ६८ गावांपुरतीच होती. आधी थोड्या गावांत पडताळणी आणि मग विस्तार, ही साधी पद्धत त्यात होती.

दुसरे उदाहरण सातबाऱ्याचे. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे संगणकावर नेल्यानंतर त्यांत असंख्य चुका निघाल्या. तेव्हा महसूल खात्याने २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन घेतले. संगणकातील नोंद लोकांसमोर मोठ्याने वाचायची, ज्याचे शेत त्याने चूक दाखवायची आणि मग दुरुस्ती करायची. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा त्यानंतर, १ मे २०१८ रोजी, सुरू झाला. माहितीची सर्वांत खात्रीची तपासणी ज्याची माहिती आहे त्याच्याकडूनच होते, हे या मोहिमेने दाखवून दिले.

तारीख आधी, तयारी नंतर

प्रणाली केव्हा सुरू करायची, हा निर्णय बहुधा तयारी पाहून घेतला जात नाही. तारीख वरून येते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये याची किंमत मोजली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय त्याच वर्षीच्या उन्हाळी परीक्षांना लागू करण्यात आला. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला आणि छोट्या प्रमाणावरील चाचणीला पुरेसा अवधी मिळाला नाही. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि २४ ऑक्टोबर रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आले. पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची कल्पना टाकाऊ नव्हती. अनेक विद्यापीठे ती वापरतात. एकाच विद्याशाखेपासून सुरुवात झाली असती, तर तीच प्रणाली कदाचित गौरवाचा विषय ठरली असती.

सोसायट्यांचे स्वतःचे वेळापत्रक आहे. मार्चमध्ये वसुली आणि वर्षअखेर, जूनमध्ये कर्जवाटप, पावसाळ्यानंतर भाताची कापणी आणि खरेदी. ऑगस्ट-सप्टेंबर त्यातल्या त्यात मोकळे. पण शहापूर-मुरबाडच्या पावसात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा याच काळात सर्वांत कमी. म्हणजे सोयीचा महिना असा नाहीच. अशा वेळी वही आणि संगणक काही महिने समांतर चालवणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. परंतु एका गटसचिवाकडे अनेकदा एकाहून अधिक संस्थांचे काम असते. त्याच्यावर दुहेरी लेखनाचा भार टाकायचा, तर तेवढ्या काळापुरते मदतीचे मनुष्यबळ आणि मोबदला यांची तरतूद प्रकल्पाच्या खर्चातच हवी. ती नसेल तर समांतर काम कागदोपत्री होते आणि चाचणीचा अहवाल मात्र समाधानकारक येतो.

शहरी वाचकाचा संबंध काय?

हा विषय गावचा म्हणून सोडून देता येणार नाही. खर्च करदात्याच्या पैशाचा आहे, हे एक कारण. दुसरे असे की, शहरातील कारखाने, रुग्णालये, महापालिका आणि गृहसंस्था यांनाही हाच अनुभव येत असतो. संगणकतज्ज्ञ म्हणतात, ग्राहकाला काय हवे तेच ठाऊक नाही. ग्राहक म्हणतो, मागितले एक आणि दिले भलतेच. दोघांच्या मध्ये निर्णय घेणारा माणूस नसतो, हे खरे कारण झाकले जाते.

राज्यात कर्जमाफीची मागणी पुन्हा ऐरणीवर आली, तेव्हा ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याची घोषणा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. अशी कोणतीही योजना आली की पात्र कोण आणि थकबाकी किती, याचे उत्तर सोसायटीच्या खात्यातूनच निघते. त्या खात्यातील चूक ही मग आज्ञावलीतील चूक राहत नाही. ती एका कुटुंबाच्या हक्कावरील गदा ठरते.

म्हणून ‘प्रणाली तयार आहे’ असे म्हणण्याचा अधिकार पुरवठादार कंपनीकडे किंवा उद्घाटनाची तारीख ठरवणाऱ्याकडे असू नये. सचिवाने खऱ्या खात्यांवर कर्ज देण्यापासून व्याज सवलतीपर्यंतचा पूर्ण फेरा चालवून पाहावा आणि उत्तर वहीशी जुळल्याची सही करावी. लेखापरीक्षकाने आरंभीची शिल्लक प्रमाणित करावी. आणि शेवटची सही सभासदाची असावी. सहकार कायद्यानुसार संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. चावडी वाचनाप्रमाणेच त्या सभेत प्रत्येक सभासदाच्या हाती त्याच्या खात्याचा संगणकातील उतारा द्यावा, हरकती लिहून घ्याव्यात आणि त्या निकाली काढल्यानंतरच रोजकिर्दीची वही बंद करावी. यासाठी नव्या यंत्राची आवश्यकता नाही आणि खर्चही फारसा नाही. यात सुरू होण्याची तारीख काही महिने पुढे जाईल, हे मात्र आधीच मान्य करावे लागेल.